रॅम आठाची सोळा केली आणि गेम निम्म्यावर आला (रायझन ५६००जी)

हरिपूर_रोड

नमस्कार. सांगलीहून लिहितोय. नऊ दिवस झाले, एकाच गोष्टीपायी डोकं शिणलंय. लांबलं तर वाचून घ्या, कारण मधलं काही गाळलं तर तुम्ही तेच विचारणार.

मशीन असं आहे: रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या आतल्या व्हेगा ग्राफिक्सवरच सगळं चालतं. बी४५० बोर्ड, रॅमचे चार स्लॉट. ५०० जीबीची एनव्हीएमई, विंडोज ११, साधा १०८०पी मॉनिटर. २०२२ च्या दिवाळीत जुळवून घेतलं तेव्हा ४-४ जीबीच्या दोन स्टिक्स होत्या, डीडीआर४ ३२००.

घरात कॉम्प्युटर एकच. दिवसा धाकटी बहीण वापरते. ती ॲनिमेशन शिकते. ब्लेंडर उघडलं आणि मागं क्रोम असलं की आठ जीबी पुरत नव्हती. त्यातली दोन आधीच ग्राफिक्सकडे गेलेली, म्हणजे तिच्या वाट्याला ५.९. सेव्ह करताना स्क्रीन गोठायची आणि आतल्या खोलीतून हाक यायची, "दादा, परत गेलं." तासाभराचं काम जायचं तिचं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाला असतो. सीझनचे चार पैसे जास्त हातात आले, म्हटलं आधी तिचं काम करू.

दुकानात गेलो तर सांगितलं, दोन आठच्या कशाला, एकच सोळाची घ्या, पुढं वाढवायला जागा राहते. मला पटलं. जुन्या दोन काढल्या, नवीन १६ जीबीची ३२०० बसवली. बहिणीचं काम सुटलं, त्यात वादच नाही. नऊ दिवसांत एकदाही हाक आली नाही.

पण गेम बसला. शाळेपासूनचा माझा मित्र चाकणला कंपनीत आहे. त्याची दुसरी पाळी नसते त्या आठवड्यात आम्ही रात्री साडेनऊला फोर्झा होरायझन ४ खेळतो. फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. गाडी चालवता चालवता मात्र घरचं, त्याच्या लग्नाचं, माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं, सगळं निघतं. आता वळणावर गाडी आधी पोचते आणि रस्ता मागून येतो. परवा तो म्हणाला, "राहू दे रे, नीट झालं की खेळू." ते मनाला लागलं.

आकडे देतो. गेममध्येच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी आहे, तो मी अधूनमधून चालवून वहीत लिहून ठेवतो. जुन्या ८ जीबीवर सरासरी ६१ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६१ चित्रं. नवीन १६ वर ३२. सेटिंग तेच, सगळं लो.

ड्रायव्हर नवा टाकला. विंडोज अपडेट केलं. गेम काढून पुन्हा उतरवला, त्यात दोन रात्री गेल्या. तापमान ७४ च्या वर जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये १६ व्यवस्थित दिसतात.

स्टिक खराब आहे का? परत आठवर जायचं नाही, एवढं नक्की.

मिरज_जंक्शन

भावा, ७४ म्हणजे गरम नाही, ते सोड. बहिणीचं रेंडर मागं चालू राहिलेलं नाही ना? माझ्याकडे एकदा असंच झालं होतं, ब्लेंडरची खिडकी बंद पण काम आत चालूच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा रकाना बघ. वनड्राइव्ह पण बंद करून बघ.

हरिपूर_रोड

बघितलं. गेम चालू करायच्या आधी सीपीयू ३-४ टक्के. मागं काही नाही.

गोडोली_रिपेअर

साताऱ्यात वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय, त्यातून सांगतो. स्टिक खराब असती तर निळी स्क्रीन आली असती, गेम मध्येच बंद पडला असता, फायली बिघडल्या असत्या. सरळ निम्मा वेग होणं हे खराबीचं लक्षण नाही.

दोन गोष्टी बघून सांगा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. उजव्या कोपऱ्यात खाली 'स्पीड' आणि 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं. ते दोन्ही आकडे. दुसरं, सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, मेमरीच्या टॅबवर चॅनेल काय दाखवतंय आणि डीरॅम फ्रीक्वेन्सी किती. तिथं आकडा निम्मा दिसतो, घाबरू नका. ३२०० ची रॅम पूर्ण वेगात असेल तर तिथं १६०० च्या आसपास येतं.

आणि जुन्या दोन स्टिक्स विकल्या नाहीत ना? नसतील तर जपून ठेवा.

हरिपूर_रोड

काका, जुन्या आहेत, नव्या स्टिकच्या डब्यात ठेवल्यात.

स्पीड २४००. स्लॉट ४ पैकी १. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलसमोर १ गुणिले ६४-बिट, फ्रीक्वेन्सी ११९७.

बॉक्सवर तर ३२०० छापलंय. मला चुकीचा माल दिला का?

गोडोली_रिपेअर

माल बरोबर आहे. तुमच्याकडे एकाच वेळी दोन गोष्टी झाल्यात, म्हणून फटका एवढा मोठा बसलाय.

पहिली गोष्ट वेगाची. बॉक्सवरचा ३२०० हा आकडा बहुतेक वेळा स्टिकमध्ये साठवलेल्या एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलचा असतो. बोर्डाला तो वापर असं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर तो सावध वेगावर चालवतो, कुठं २१३३, कुठं २४००, कुठं २६६६. तुमचं मशीन जुळवणाऱ्यानं २०२२ मध्ये ते सेटिंग चालू करून दिलं असणार. स्टिक बदलली की बरेच बोर्ड ते सोडून देतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन वाटा आहेत, त्यांनाच चॅनेल म्हणतात. एका वाटेनं एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जातात. ३२०० च्या वेगानं एका वाटेचे होतात सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्टिक्स दोन वाटांवर असल्या की ५१.२. आता तुमचा हिशेब करा. आधी ५१.२ मिळत होते. आता एकच वाट, तीही २४०० नं, म्हणजे १९.२. अडीच पटींहून जास्त घट.

ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं त्यांना एवढं कळत नाही, कारण कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. तुमचा व्हेगा मात्र चित्रं काढायला हीच रॅम वापरतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच वाटेवर उभे. शिवाय रायझनमध्ये आतले भाग ज्या रस्त्यानं आपसात बोलतात त्याचा वेगही रॅमच्या वेगाला बांधलेला असतो, २४०० वर तोही खाली येतो.

बहिणीचं काम का सुधारलं? तिला जागा हवी होती, जागा मिळाली.

आता या क्रमानं करा. एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी तुमचा बेंचमार्क.

आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. असुसच्या बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयवर ए-एक्सएमपी. मग नवी स्टिक काढून जुन्या दोन जिथं होत्या तिथंच बसवा, पुन्हा एक्सएमपी बघा, पुन्हा बेंचमार्क. ६० च्या जवळ आलं तर निदान पक्कं. मग दुकानात जाऊन ती सोळाची परत देऊन ८-८ चा जोड मागा. नव्या बिलावर बहुतेक ठिकाणी ऐकतात. नीट बोला, भांडू नका. एकच घ्या म्हणणाऱ्याची नियत वाईट नसते, आतल्या ग्राफिक्सचा विचार सुचत नाही इतकंच.

अजिंक्यतारा_पायथा

काकांनी सांगितलंय त्यात माझा अनुभव जोडतो. माझ्याकडे १६५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. ३२०० च्या ८ जीबी स्टिकशेजारी मित्राची २६६६ ची ८ जीबी बसवली, तर दोन्ही २६६६ वर चालायला लागल्या. सगळ्यात हळू असते तिच्या वेगानं सगळ्या चालतात. तरीही सरासरी थोडी वाढली, आणि मधेमधे बसणारे झटके तर जवळपास गेलेच. दोन वाटांचा फायदा कार्ड असलं तरी होतो, फक्त कमी.

हरिपूर_रोड

काका, तुम्ही सांगितलं तसं ओळीनं केलं. वहीतलं उतरवतो:

एक सोळाची, २४०० वर: ३२
तीच सोळाची, एक्सएमपी चालू, ३२०० वर: ४१
जुन्या ४-४, ३२०० वर: ६०

एक्सएमपी चालू केल्यावर पहिल्यांदा मिनिटभर स्क्रीन काळीच. पंखा फिरतोय आणि काही दिसत नाही. बंद करायला हात गेला होता, पण बहीण म्हणाली थांब, आणि आलं सुरू.

तुमचं वाटांचं बोलणं मला पक्कं समजलं ते आजोळच्या पेवामुळं. हरिपूरला माझ्या आजोबांचं हळदीचं पेव होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वर तोंड एवढंसं की एक माणूस जेमतेम उतरेल, आणि आत पोट खोलीएवढं मोठं. पोतीच्या पोती हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात तिथली बरीच पेवं गेली, त्यातच आजोबांचंही. लहानपणी मी काठावर उभा राहून बघायचो. आतला माणूस भरून द्यायचा, वरचा ओढायचा, आणि बाहेर गाडी लागलेली असली तरी माल त्या एका तोंडातून निघेल तेवढाच निघायचा. आजोबा म्हणायचे, घाई असली तर दोन पेवं उघडायची. मी नेमकं उलटं केलं. दोन लहान पेवं बुजवली आणि एक मोठं घेतलं.

उद्या जेवणाच्या सुट्टीत दुकानात जातो.

गोडोली_रिपेअर

तुमच्या आजोबांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय. यापुढं गिऱ्हाइकाला मी असंच सांगेन.

जाताना सोळाच्या स्टिकचं बिल आणि डबा न्या. सध्या मेमरीचे भाव फार चढलेत, एआयच्या डेटा सेंटरसाठी कंपन्यांचा माल तिकडं वळलाय, त्यामुळं दुकानदार भाव बघून बोलेल. ८-८ एकाच पाकिटातला जोड मिळाला तर तोच घ्या. दोन वेगवेगळ्या घेऊन जुळवत बसण्यापेक्षा ते बरं.

हरिपूर_रोड

बदलून दिल्या. चांगले वागले, खोटं बोलणार नाही. सातशे रुपये वर घेतले. ८-८ चा जोड, ३२००, एकाच पाकिटात.

पण काका, उपयोग झाला नाही. संध्याकाळी बसवल्या, एक्सएमपी चालू केलं, स्पीड ३२०० दाखवतंय, स्लॉट ४ पैकी २, एकूण १६. बेंचमार्क ४१. पुन्हा चालवला, ४१. तिसऱ्यांदा ४२.

आता काय करायचं सुचत नाही. पैसेही गेले.

मिरज_जंक्शन

४१ म्हणजे एका सोळाच्या स्टिकवर एक्सएमपी चालू करून जे आलं होतं तोच आकडा ना? मग दुसरी वाट अजून बंदच आहे भावा. सीपीयू-झेड बघ.

गोडोली_रिपेअर

मिरजकरांनी बरोबर पकडलं. पैसे गेले नाहीत, काळजी करू नका. दोन्ही स्टिक्स कुठल्या स्लॉटमध्ये आहेत? प्रोसेसरकडून मोजत या: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

हरिपूर_रोड

पहिला आणि दुसरा. शेजारी-शेजारी. सोळाची दुसऱ्यात होती, ती काढली आणि तिथंच या दोन लावल्या. सीपीयू-झेडमध्ये चॅनेल अजून १ गुणिले ६४-बिट.

गोडोली_रिपेअर

सापडलं. चार स्लॉटच्या बोर्डावर पहिले दोन स्लॉट मिळून एक वाट, पुढचे दोन मिळून दुसरी. शेजारी लावल्या म्हणजे दोन्ही एकाच वाटेवर गेल्या. तुमच्या आजोबांच्या भाषेत, एकाच पेवात दोन माणसं उतरवली.

दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डावर स्लॉटच्या टोकाला बारीक अक्षरात ए१, ए२, बी१, बी२ छापलेलं असतं. तुम्हाला ए२ आणि बी२ हवेत. पहिल्या-तिसऱ्यातही दोन वाटा होतात, पण दोनच स्टिक्स असल्या की बोर्ड बनवणारे बहुतेक दुसरा-चौथाच सांगतात, वेग तिथं नीट टिकतो.

मेन स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आत राहिलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. स्टिक कडेनं धरा, सोनेरी पट्टीला बोट लावायचं नाही. बऱ्याच बोर्डांवर कुलूप एकाच बाजूला असतं, दुसरी बाजू नुसती खाचेत बसते. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबायचं, कुलपाचा आवाज आला पाहिजे. एका टोकाला बसली आणि दुसऱ्या टोकाला केसभर वर राहिली असं फार वेळा होतं.

हरिपूर_रोड

आज यार्डात सौदे उशिरापर्यंत चालले, घरी यायला आठ वाजले. हात पिवळे होते, दोनदा साबणानं धुतले आणि पुसून कोरडे केले, तुमचं सोनेरी पट्टीचं बोलणं डोक्यात होतं.

कॅबिनेट आडवं केलं, बहिणीनं मोबाइलची बॅटरी धरली. अक्षरं खरंच आहेत, पण धुळीखाली. कोरड्या ब्रशनं झाडल्यावर ए२ दिसलं. पहिला स्लॉट तर प्रोसेसरच्या पंख्याला इतका चिकटून आहे की स्टिक काढताना पंख्याची वायर बाजूला धरावी लागली. चौथ्या स्लॉटचं कुलूप सहज उघडलं आणि खाचेत धूळ कमी होती. २०२२ मध्ये जुळवणाऱ्यानं दुसऱ्या-चौथ्यातच लावलेल्या. परवा चाचणीला ४-४ बसवताना मी त्या त्याच जागी ठेवल्या, तुम्ही तसं सांगितलं होतं म्हणून, पण तेव्हा लक्षात घेतलं नाही.

दाबली, एका बाजूचा आवाज आला, तरी दुसरं टोक तुम्ही म्हणालात तसं केसभर वर होतं. पुन्हा दाबली. नीट बसली.

सुरू केलं. पुन्हा काळी स्क्रीन, मिनिटभर. या वेळी हात मांडीवर ठेवून बसलो.

चॅनेल २ गुणिले ६४-बिट. फ्रीक्वेन्सी १५९७. पण बेंचमार्क ५६.

५६ पण चांगलेच, पण ६१ का नाहीत?

गोडोली_रिपेअर

बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साईज' बघा. आतल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची मेमरी. आधी २ जीबी होती असं तुम्हीच पहिल्यांदा लिहिलं होतंत. एवढ्या वेळा स्टिक्स बदलल्यात, ते सेटिंगही ऑटोवर गेलं असणार. ऑटोवर पुष्कळदा ५१२ एमबीच राखली जाते.

हरिपूर_रोड

ऑटोच होतं. २ जीबी केलं. वहीतली शेवटची ओळ:

८-८, दुसरा-चौथा स्लॉट, ३२००, २ जीबी ग्राफिक्सला: ६३

विंडोजला १३.९ जीबी उरतात. बहिणीला दाखवलं, तिला पुरून उरतील म्हणाली. तिचा सीन उघडून बघितला, मागं क्रोम, तरी साडेनऊ जीबीच्या वर गेलं नाही.

काका, तुमचे उपकार. मिरजेच्या भावाचेही, ४१ चा आकडा जुळतोय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, वही माझीच असून.

एकच विचारतो. जुन्या ४-४ रिकाम्या दोन स्लॉटमध्ये लावू का? २४ होतील.

गोडोली_रिपेअर

नका लावू. चार स्टिक्सचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो, त्यात दोन वेगळे जोड, ३२०० ला टिकतीलच असं नाही. सुरू झालं तरी आठवड्यानं निळी स्क्रीन आली की कारण शोधत बसाल. १३.९ पुरतात तर तिथंच थांबा. आज रात्री झोपताना विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावून ठेवा, नव्या स्टिक्सवर एकदा ते फिरवून घ्यावं.

जुन्या कुणाला तरी द्या. फक्त समोरचं मशीन डीडीआर४ आहे ना ते बघा. डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावला तर स्लॉट फुटतो. आणि लहान आकाराच्या डेस्कटॉपमध्ये काही वेळा लॅपटॉपची आखूड स्टिक लागते, तेही उघडून बघा.

हरिपूर_रोड

डायग्नोस्टिक रात्री लावलं, सकाळी एकही चूक दाखवली नाही.

जुन्या अडतीवरच्या टॅलीच्या मशीनला द्यायच्या ठरवल्यात. ते ४ जीबीवर आहे, बिल छापायला दिलं की बाहेर हमाल ताटकळतात. दुपारी पत्रा उघडून बघितलं, डीडीआर४ आहे, स्टिक लांब आहे, स्लॉट दोनच, त्यामुळं चुकीच्या जागी बसायचा प्रश्न नाही. मालक हो म्हणालेत. रविवारी यार्ड बंद असतं तेव्हा बसवतो, आणि आधी-नंतर बिलाला किती सेकंद लागतात ते इथं लिहितो.

मित्राला मेसेज केलाय. त्याची या आठवड्यात दुसरी पाळी आहे, सोमवारी साडेनऊला येतो म्हणाला.